गायीच्या पोटातली साबणाची युक्ती

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला राहुरी, संगमनेर, राहाता, कोपरगाव यांपैकी कोणत्याही तालुक्यातल्या एखाद्या गावात गेलात, तर दूध संकलन केंद्रासमोर हमखास रांग दिसेल. कोणाच्या हातात किटली, कोणाच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी अडकवलेले कॅन. केंद्रावरचा मुलगा दूध ढवळून चमचाभर नमुना घेतो, यंत्राच्या नळीखाली धरतो, आणि मिनिटभरात पावती बाहेर येते. पावती हातात पडताच मागच्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो : “काय लागली फॅट?” आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण बोलण्यात तो अजून नगरच आहे) हा प्रश्न रामराम घालण्याइतका अंगवळणी पडला आहे.

फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश, म्हणजेच ज्याचे लोणी आणि तूप होते तो भाग. पावतीवरचा दुसरा आकडा एसएनएफचा. स्निग्धांश आणि पाणी वजा केल्यावर जे घन पदार्थ उरतात, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार, त्यांचे हे शेकडा प्रमाण. गायीच्या दुधाचा भाव आपल्याकडे सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असे धरून सांगतात. यांपैकी एखादा आकडा खाली घसरला की दर दशांशामागे पैसे कापले जातात. दहा-वीस लिटरांवर जगणाऱ्या घरात हा दशांश फार मोठा असतो. १ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर दूध ओतलेले तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिले असेल, किंवा घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकले असेल. २०२४ च्या जुलैमध्ये अकोले तालुक्यात कोतूळला शेतकरी धरणे धरून बसले, तेही दुधाच्या दरासाठीच.

आता एक प्रश्न तुमच्या मनात साहजिकच येईल. दुधात स्निग्धांश कमी पडतो, तर गायीला रोज पावशेर गोडे तेल पाजले म्हणजे झाले! तेल हाही स्निग्ध पदार्थच. पोटात स्निग्ध जाईल, कासेतून स्निग्ध येईल. हा विचार इतका सरळ आहे की पुष्कळांनी तो प्रत्यक्ष करून पाहिला आहे. आणि गंमत अशी की तेल पाजल्यावर अनेकदा फॅट वाढण्याऐवजी उतरते, आणि शेण पातळ होते. असे का बरे व्हावे?

याचे उत्तर गायीच्या पोटात आहे. ते पोट तुमच्या-आमच्या पोटासारखे नाही. त्याचे चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे रोमंथिका. शेतकरी त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. म्हणजे आपल्या घरातली पाण्याची चांगली मोठी टाकीच म्हणा ना! तिथे ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असते, हवा जवळजवळ नसते, आणि लाळेतल्या सोड्यामुळे आम्लताही बेताचीच राहते. अशा या कोमट, काळोख्या डोहात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. तिथल्या एका थेंबात जितके जीवाणू असतील, त्यांची गणती अब्जांमध्ये होते.

कडबा आपल्याला पचत नाही. गायीलाही पचत नाही. हे वाचून दचकू नका. कडब्यातला तंतुमय भाग, म्हणजे सेल्युलोज, फोडणारा पाचकरस गायीच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम हे जीवाणू करतात. कडबा, हिरवी मका, घास, उसाचे वाढे यांच्यावर ते ताव मारतात आणि त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, आणि त्याची भावंडे असलेली आणखी दोन-तीन आम्ले तयार करतात. ही आम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात शिरतात. गायीची बरीचशी ऊर्जा त्यांतूनच येते. तेव्हा गाय पाळणे म्हणजे खरे पाहता जीवाणू पाळणे. गायीपुढे वैरण टाकणारा माणूस आधी या अदृश्य गड्यांची पंगत वाढत असतो.

या पंगतीत तेल ओतले की काय होते ते पाहू. एक तर तेलाचा पातळ थर वैरणीच्या तुकड्यांवर चढतो आणि जीवाणूंना तंतूंपर्यंत पोचता येत नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे तेलातली काही मेदाम्ले या जीवाणूंना विषासारखी बाधतात. तंतू फोडणारे जीवाणू तर त्या बाबतीत फारच नाजूक. ते मेले की वैरण पचायची थांबते, ॲसेटिक आम्ल कमी बनते, गाय खाणे कमी करते. म्हणून पशुवैद्यक सांगतात, की गायीच्या एकूण सुक्या आहारात सर्व मिळून शेकडा सहा-सात भागांहून जास्त स्निग्धांश जाऊ नये. साध्या वैरणीत तो जेमतेम दोन-तीन भाग असतो.

(तेल पाजण्याचा एक खरा उपयोग मात्र आहे. कोवळा लसूणघास पोटभर खाऊन जनावराचे पोट फेसाने फुगते, तेव्हा गोडे तेल पाजतात. तेलाने फेस मोडतो आणि कोंडलेला वायू बाहेर पडतो. पण ते औषध झाले, आहार नव्हे.)

तेल जीवाणूंना बाधते, पण तेही काही मुकाट्याने मरणारे नाहीत. या विषाचा बंदोबस्त करण्याची त्यांची स्वतःची रीत आहे. तेलाचे रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लांब साखळ्या. ज्या साखळीत दोन कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, ती असंपृक्त. सरकी आणि मक्याच्या तेलात अशी दोन दुहेरी बंधांची साखळी पुष्कळ असते. हिरव्या गवतात तर तीन बंधांची. जीवाणूंना बाधतात त्या याच. मग जीवाणू त्या दुहेरी बंधांवर हायड्रोजनचे अणू बसवतात आणि साखळी संपृक्त करून टाकतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला असाल. तोच उद्योग गाय-म्हशींच्या पोटात लाखो वर्षांपासून, निकेलशिवाय आणि बॉयलरशिवाय चालू आहे. गवतातला स्निग्धांश पातळ असूनही गायीचे तूप थंडीत घट्ट का होते, याचे एक कारण हे आहे.

पण तेल फार झाले, किंवा वैरण कमी आणि भरडाच जास्त झाला, की हे काम अर्धवट राहते. अर्धवट संपृक्त झालेले काही वेगळेच रेणू पुढे आतड्यात आणि रक्तात जातात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या सुमारास असे दाखवले, की यांपैकी एक विशिष्ट रेणू दिवसाला अवघा काही ग्रॅम इतका जरी गायीच्या चौथ्या कप्प्यात सोडला, तरी कासेतले स्निग्धांश तयार करण्याचे काम मंदावते आणि फॅट चांगलीच खाली येते. म्हणजे ज्याने फॅट वाढावी म्हणून तेल पाजले, त्याने नकळत फॅट बंद करण्याची कळच दाबली!

कासेत स्निग्धांश तयार होतो म्हणजे काय, तेही सांगायला हवे. दुधातला साधारण निम्मा स्निग्धांश कास स्वतः घडवते. रक्तातून आलेले ॲसेटिक आम्लाचे लहान लहान तुकडे जोडून ती आखूड आणि मध्यम लांबीच्या साखळ्या विणते. तुपाला जो खास वास असतो, त्यामागचे चार कार्बनचे ब्युटिरिक आम्लही इथलेच. उरलेला निम्मा भाग म्हणजे लांब साखळ्या. त्या रक्तातून तयार येतात : काही खाल्लेल्या आहारातून, काही गायीच्या अंगावरच्या चरबीतून. पहिला निम्मा भाग हवा असेल तर वैरण पाहिजे, तंतू पाहिजेत, रवंथ पाहिजे. त्याला दुसरा उपाय नाही. फॅट कमी लागते म्हणून दुकानात पावडर विचारायला जाणाऱ्याने आधी गोठ्यात उभे राहून गायी रवंथ करताहेत की नाही ते पाहावे, असे मला वाटते.

मग स्निग्ध पदार्थ चारायचाच कशाला? इथे आपल्याला नगर जिल्ह्याच्या इतिहासात थोडे डोकावले पाहिजे.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात डांगी नावाची गाय आहे. पावसाच्या मुलखातले हे जनावर. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो आणि अंगावर पाणी ठरत नाही. बैल चिवट, पण दूध एका वेताला काही शे लिटर. अशा गायीला चरायला मिळाले की पुरे. पुढे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली आले, ऊस वाढला, १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर वाढे आले, आणि वाढ्यांवर जनावरे. १९६८ साली राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तिथे संकरित गायींवर जे काम झाले त्यातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय निघाली. निम्मा अंश होल्स्टीन फ्रिजियनचा, पाव जर्सीचा आणि पाव आपल्या गीरचा, म्हणून त्रिवेणी. तिचे एका वेताचे दूध तीन हजार लिटरांच्या पुढे जाते. आज जिल्ह्यातल्या गोठ्यांत होल्स्टीनच्या संकरित गायीच जास्त दिसतात, आणि व्यायल्यानंतरच्या भरात दिवसाला वीस-पंचवीस लिटर दूध देणारी गाय हे नवल राहिलेले नाही.

आता जरा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या. ३.५ फॅटच्या लिटरभर दुधात सुमारे ७०० उष्मांक असतात. वीस लिटरांत झाले १४,०००. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच हजार उष्मांक लागतात. म्हणजे ही गाय रोज सहा माणसांचे अन्न अंगातून काढून देते! शिवाय तिचे स्वतःचे शरीर चालवायला, चारशे-सव्वाचारशे किलो वजन धरले तर, सात-आठ हजार उष्मांक हवेत. एकूण झाले २१-२२ हजार. पण नुकत्याच व्यालेल्या गायीची भूक लवकर परतत नाही. दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखर गाठते, आणि खाणे शिखराला पोचायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात अकरा-बारा किलो सुका आहार खाऊन तिच्या हाती समजा १७-१८ हजार उष्मांक पडले. उरलेले चार हजार आणायचे कोठून?

गाय ते अंगातून काढते. पाठीवरची, बरगड्यांवरची चरबी वितळवते आणि दुधात घालते. दिवसाला अर्धा किलो चरबी सहज जाते. म्हणूनच चांगली दुधाळ गाय व्यायल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात कमरेची हाडे दाखवू लागते. मर्यादेबाहेर चरबी वितळली की यकृताला ती पुरती जाळता येत नाही. रक्तात कीटोन नावाचे पदार्थ साठतात, गायीच्या श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येऊ लागतो, ती भरडा सोडते, दूध एकदम आटते. पुष्कळ गायी आजारी दिसत नाहीत, पण वेळेवर माजावर येत नाहीत. आणि गाय वेळेत गाभण गेली नाही तर पुढचे वेत लांबते. दुधाच्या दशांशापेक्षा हा तोटा कितीतरी मोठा, फक्त तो पावतीवर छापून येत नाही.

ही तूट भरडा वाढवून भागवावी, तर त्यालाही मर्यादा आहे. मक्याचा भरडा फार झाला की कोटीपोटात आम्ल साचते आणि पुन्हा जीवाणूंवरच संकट येते. गायीला अधिक खाता येत नाही. तेव्हा थोड्या जागेत जास्त उष्मांक मावणारे काहीतरी हवे. ग्रॅमला चार उष्मांक देणाऱ्या पिष्टापेक्षा ग्रॅमला नऊ देणारा स्निग्ध पदार्थ यासाठी उत्तम. फक्त तो जीवाणूंच्या पंगतीत न सांडता पुढच्या घरात पोचला पाहिजे. अडचण नेमकी हीच होती.

आपल्या आजोबांना या अडचणीचा एक उपाय अनुभवाने सापडलेला होता. शेवगाव, पाथर्डी, नेवासे या कापसाच्या भागात दुभत्या म्हशीला भिजवलेली सरकी घालत. सरकीत शेकडा अठरा-वीस भाग तेल असते, पण ते टरफलात कोंडलेले. गाय-म्हैस चावेल, रवंथ करील, तसतसे ते थोडे थोडे सुटते. एकदम ओतलेल्या तेलासारखा घात होत नाही. उलट सरकी पेंडीतून बरेचसे तेल घाण्यावर आधीच निघून गेलेले असते.

शास्त्रज्ञांनी दुसरे मार्ग शोधले. ऑस्ट्रेलियात १९७० च्या सुमारास तेलाच्या बारीक थेंबांभोवती प्रथिनाचे कवच चढवून ते फॉर्मॅलिनने पक्के करण्याची रीत निघाली. हुशारीची, पण खर्चाची. मग अमेरिकेत ओहायो येथे डॉन पामक्विस्ट आणि टॉम जेंकिन्स यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेदाम्लांच्या कॅल्शियम क्षारांवर प्रयोग केले. हा मार्ग इतका सोपा ठरला, की आज जगभर तोच जास्त वापरात आहे. आपल्याकडे खाद्याच्या दुकानात ‘बायपास फॅट’ म्हणून जी पिवळसर, रवाळ पावडर मिळते, ती बहुधा हीच.

मेदाम्लाचा कॅल्शियम क्षार म्हणजे काय? ते तुम्ही रोज पाहता. नगर जिल्ह्यात कित्येक गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्याने कपडे धुताना साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा, चिकट साका धरतो. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. तो पाण्यात विरघळतो. जड पाण्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, आणि जो न विरघळणारा साबण तयार होतो तोच हा साका. आईला नकोसा वाटणारा हा साका गायीच्या बाबतीत कामाला येतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहता येईल. धुण्याच्या साध्या साबणाचा (डिटर्जंटचा नव्हे) लहान तुकडा किसून कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या चंचुपात्रात चुन्याची निवळी घ्या. निवळी हळूहळू साबणाच्या पाण्यात ओता. पाहता पाहता दही फाटल्यासारखे पांढरे गोळे दिसू लागतील. हा कॅल्शियमचा साबण. तो गाळून घ्या, साध्या पाण्यात टाकून ढवळा, विरघळणार नाही. आता त्यातला थोडा भाग परीक्षानळीत घेऊन त्यावर भरपूर व्हिनेगर ओता आणि नळी गरम पाण्यात धरून हलवत राहा. काही वेळाने गोळे फुटतात आणि वर तेलकट थर तरंगू लागतो. नळी थंड केली की तो मेणासारखा थिजतो. हीच सुटी झालेली मेदाम्ले. (चुन्याची निवळी डोळ्यांत उडू देऊ नका, आणि हा प्रयोग शिक्षकांच्या समोरच करा.)

आता चंचुपात्राच्या जागी गायीचे पोट कल्पा. कोटीपोटातला सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक, सहा ते सातच्या दरम्यान असतो. साध्या पाण्याचा सात असतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा कोटीपोट हे कॅल्शियम साबणाच्या दृष्टीने साधे पाणीच. तो तिथे बऱ्याच अंशी न विरघळता पडून राहतो. जीवाणूंना त्याचा स्पर्श झाल्यासारखा होतो, पण बाधा होत नाही. मग तो दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यातून पुढे सरकत चौथ्या कप्प्यात येतो. हा कप्पा मात्र आपल्या जठरासारखा. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि सामू दोन-तीनवर उतरतो. हे झाले आपले व्हिनेगर. साबण फुटतो, कॅल्शियम एकीकडे, मेदाम्ले एकीकडे. आणि लहान आतड्यात ती शोषली जातात. कोटीपोटाला वळसा घालून जातो म्हणून ‘बायपास’. आपल्या गावाबाहेरून जाणाऱ्या बायपास रस्त्यासारखेच हे. गाडी तीच, फक्त बाजारपेठेतल्या गर्दीत शिरत नाही.

यात एक पाणवठाही आहे, तोही लक्षात घ्या. गायीला भरडा बेसुमार घातला आणि कोटीपोटाचा सामू सहाच्या खाली घसरला, तर साबण तिथेच फुटू लागतो आणि बायपास बंद होतो. म्हणजे ही पावडर सुद्धा वैरणीच्या भरवशावरच काम करते.

दुसऱ्या एका प्रकारात कॅल्शियम नसतेच. पाम तेलातला घट्ट भाग वेगळा काढून त्याचे बारीक मणी बनवतात. त्यात पामिटिक आम्ल जास्त असते. शुद्ध पामिटिक आम्ल ६३ अंशांना वितळते. कोटीपोटात ३९ अंश. वितळणारच नाही, तर पसरणार कसे? युक्ती वेगळी, हेतू तोच. दोन्हींचा कच्चा माल बहुतेक पाम तेलाच्या शुद्धीकरणातून येतो, आणि पाम तेलाचे मोठे मळे मलेशिया-इंडोनेशियात आहेत. राहुरीच्या गोठ्यातली गाय अशी समुद्रापलीकडच्या झाडाचे फळ खाते, हे जरा विचित्रच नाही का?

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो हिशेब. दुभत्या गायीला सहसा दिवसाला १०० ते २०० ग्रॅम पावडर देतात. दीडशे ग्रॅम धरू. त्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मेदाम्ले. नऊने गुणले तर ११२५ उष्मांक. पण सगळे पचत नाही, काही उष्णता म्हणून जाते. दुधाच्या कामी आठशेच्या आसपास येतात. म्हणजे साधारण लिटरभर दुधाची ऊर्जा. वर काढलेल्या चार हजारांच्या तुटीपैकी पाचवा हिस्सा भरला. थोडे आहे, पण अगदीच थोडे नाही. अंगावरची शंभरेक ग्रॅम चरबी रोज वाचली. ज्या गायीची तूट मोठी, तिला व्यायल्यापासून पहिले तीन महिने हे देण्यात अर्थ आहे. दिवसाला सहा लिटर देणाऱ्या आणि पोटभर खाणाऱ्या गायीची तूटच नसते. तिला ही पावडर घालणे म्हणजे भरलेल्या माठात पाणी ओतणे. दुकानदार हे सांगेलच असे नाही. दीडशे ग्रॅम पावडरीची किंमत आणि लिटरभर दुधाचा भाव तुमच्या गावात आज काय आहे, ते विचारून तुम्हीच वजाबाकी करा.

पावडर सुरू करताना पहिले काही दिवस चिमूट-चिमूट वाढवत न्यावी लागते. साबणच तो; चव कडवट, तुरट. गाय गव्हाणीत तोंड घालून मागे घेते. भरड्यात आणि पेंडीत नीट कालवली तर हळूहळू सवय होते.

आणि पावतीचे काय? फॅट काही दशांशांनी वाढल्याचे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे, पण दर वेळी नाही. कधी फॅट आहे तिथेच राहते आणि दूध वाढते. कधी दोन्ही नाही, पण गाय वेळेवर माजावर येते. याला एक दुसरी बाजूही आहे. स्निग्ध आहार दिल्यावर दुधातल्या प्रथिनांचे शेकडा प्रमाण किंचित उतरते, हे अनेक ठिकाणी आढळले आहे. घट लहान असते, एखाद्या दशांशाची. पण प्रथिने एसएनएफमध्ये मोजली जातात. ज्या गायीचे एसएनएफ आधीच ८.५ च्या काठावर आहे, तिच्या मालकाला फॅटमध्ये मिळालेले पैसे एसएनएफमध्ये परत द्यावे लागतील. म्हणून फॅटबरोबर एसएनएफचा रकानाही वाचायचा.

कॅल्शियमची गोष्ट निघाली आहे तर उसाच्या वाढ्यांबद्दलही सांगतो. वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार असतात. तेही कॅल्शियमला पकडून न विरघळणारा पदार्थ करतात, आणि हे कॅल्शियम गायीच्या हाती लागत नाही. एका लिटर दुधातून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. वीस लिटरांत पंचवीस ग्रॅम. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली दुधाळ गाय म्हणूनच आतून पोकळ होत जाते. दुष्काळात चारा छावण्यांतून जनावरांनी उसावर दिवस काढले, २०१३ सालीही आणि २०१९ सालीही. जीव वाचला, हे खरे. पण उसात प्रथिने नगण्य, स्निग्धांश जवळजवळ नाहीच. छावणीतून परतलेल्या गायीला पावडरीआधी हिरवा चारा, पेंड आणि क्षारमिश्रण हवे असते.

तुमच्या घरी किंवा शेजारी दुभत्या गायी असतील तर एक पाहणी करता येईल. एकाच सुमाराला व्यालेल्या, जवळपास सारखे दूध देणाऱ्या दोन गायी निवडा. एकीला पशुवैद्यकांना विचारून बायपास फॅट सुरू करा, दुसरीला नको. बाकी वैरण, पेंड, पाणी दोघींना सारखेच. दोघींचे दूध केंद्रावर वेगवेगळे मोजून घ्या, कारण एकत्र कॅनच्या पावतीवरून काहीच कळणार नाही. पावडर देण्याआधीचे दहा दिवस आणि नंतरचे चाळीस दिवस लिटर, फॅट आणि एसएनएफ वहीत उतरवा. दुसरी गाय कशाला, असे कोणी विचारील. वेत पुढे सरकते तसे दूध आपोआप कमी होते आणि फॅट आपोआप थोडी वाढते. उन्हाळा लागला की फॅट उतरते, थंडी पडली की चढते. एकच गाय पाहिली तर या सगळ्याचे श्रेय पावडरीला जाईल. वहीत आणखी एक रकाना ठेवा : गाय माजावर कधी आली. तो बहुतेक दिवस कोराच राहील, पण पुसू नका.